नदीतल्या बार्जला सीआयआय लागू होतं का? अंतर्देशीय जलवाहतुकीतले कार्बनचे नियम आणि डिझेलचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यात मांडवी-झुआरीवर चालणारा २,००० टनांचा एक बार्ज (माल वाहणारी सपाट तळाची बोट) आणि पर्यटकांची एक लाँच, असा घरचा धंदा. ज्या कंपनीचा माल बार्जने नेता, तिने एक एक्सेल फॉर्म पाठवलाय: ‘दर टन-किलोमीटरमागे किती कार्बन डायऑक्साइड?’ त्याच सुमारास एका सल्लागाराने सांगितलं की आता सीआयआय, म्हणजे जहाजाच्या कार्बन-तीव्रतेचं, रेटिंग सक्तीचं झालंय, इंजिन ‘स्टेज फाइव्ह’चं घ्यावं लागेल, आणि लाँच बॅटरीवर नेली नाही तर परवाना अडकेल. सोबत कोटेशनही दिलंय. यातलं खरं किती, आणि आधी काय करावं?

मी जहाजांच्या आराखड्याचं आणि सर्व्हेचं काम करतो, बहुतेक नदी-खाडीतल्या बोटींचं. त्या सल्लागाराने तीन वेगवेगळ्या दुनियांतले नियम एकाच पानावर आणून ठेवलेत. ते आधी सुटे करू.

सीआयआय आणि ईईएक्सआय (चालू जहाजाच्या ऊर्जा-कार्यक्षमतेचा निर्देशांक) हे आयएमओचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचे निकष. मार्पोल, म्हणजे जहाजांमुळे होणारं प्रदूषण रोखण्याच्या कराराच्या सहाव्या परिशिष्टात ते आहेत आणि १ जानेवारी २०२३ पासून लागू झाले. ईईएक्सआय ४०० ग्रॉस टनेजपासून (हे जहाजाच्या आतल्या जागेचं माप, मालाचं वजन नव्हे) पुढच्या जहाजांना, सीआयआय ५,००० पासून पुढच्यांना. जी जहाजं फक्त स्वतःच्या देशाच्या हद्दीतल्या पाण्यात फिरतात, त्यांना या परिशिष्टाचं ऊर्जा-कार्यक्षमतेचं प्रकरण लागू होत नाही. तुमचा बार्ज खाणपट्ट्यातल्या जेटीवरून निघून मुरगावला माल उतरवतो. त्याला सीआयआयचं ‘ए’ ते ‘ई’ रेटिंग देणारं अधिकृत कुणीच नाही, आणि कुणी छापून दिलंच तर त्या कागदाला बंदर कप्तान खात्यात किंमत नाही. एक अपवाद लक्षात ठेवा: बार्ज उद्या रिव्हर-सी व्हेसल म्हणून नोंदवून किनाऱ्याकिनाऱ्याने दुसऱ्या राज्यात न्यायचा विचार असेल, तर कारभार नौवहन महासंचालनालयाकडे जातो आणि कागदपत्रांचा सगळा संचच बदलतो. तो निर्णय घ्यायच्या आधी विचारा, नंतर नको.

तुम्हाला खरोखर लागू असलेला कायदा म्हणजे अंतर्देशीय जहाज कायदा, २०२१. १९१७ चा ब्रिटिशकालीन कायदा रद्द करून तो आला. नोंदणी, सर्व्हे, खलाशांची पात्रता, विमा आणि प्रदूषण हे सगळं त्यात आहे. त्याखालचे केंद्राचे नियम २०२२ मध्ये आले आणि अंमलबजावणी राज्याने नेमलेल्या प्राधिकरणाकडे असते. प्रदूषणाच्या बाबतीत त्याचा रोख प्रामुख्याने पाण्यावर आहे: बिल्जचं (तळाशी साचणारं) तेलकट पाणी, सांडपाणी, कचरा, रसायनं. त्यासाठी प्रदूषण प्रतिबंधाचं प्रमाणपत्र लागतं. पण दर किलोमीटरला इतकाच कार्बन सोडा, अशी मर्यादा त्यात नाही. कार्बनच्या दृष्टीने या कायद्यातली महत्त्वाची जागा दुसरीच आहे. ‘विशेष वर्गातील जहाजं’ असा वर्ग त्यात केलाय, आणि एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) किंवा वीज अशा वेगळ्या ऊर्जेवर चालणारी जहाजं त्या वर्गात येतात. म्हणजे बॅटरीवर जायचं ठरवलंत, तर तुम्ही एका सोप्या वर्गातून जास्त तपासणीच्या वर्गात जाताय. सल्लागाराच्या कागदावर याचा उल्लेखही नसेल, पैजेवर सांगतो.

मग ‘परवाना अडकेल’ हे कुठून आलं? बहुधा ‘हरित नौका’वरून. केंद्रीय बंदरे, जहाजवाहतूक आणि जलमार्ग मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये, कोलकात्याला अंतर्देशीय जलमार्ग विकास परिषदेची पहिली बैठक झाली तेव्हा, ही मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. राज्यांनी येत्या दहा वर्षांत जलमार्गांवरचा ५० टक्के प्रवासी ताफा हरित इंधनावर आणण्याचा प्रयत्न करावा, आणि २०४५ पर्यंत १०० टक्के, असं त्याचं लक्ष्य. नीट वाचा: सांगणं राज्यांना आहे, रोख प्रवासी ताफ्यावर आहे आणि भाषा प्रयत्नाची आहे. त्यावर बोट ठेवून आज कुणी तुमच्या लाँचचा सर्व्हे रोखू शकत नाही. पण म्हणून हा कागद बिनमहत्त्वाचा, असंही समजू नका. असे कागद निविदेच्या अटींमधून अंमलात येतात. उद्या पर्यटन खात्याने किंवा नदी परिवहन खात्याने एखाद्या मार्गाची निविदा काढली आणि त्यात ‘इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड’ अशी ओळ टाकली, की तुमच्यापुरता तो नियमच झाला. लाँचवाल्यांनी त्यामुळे राजपत्राइतक्याच निविदा वाचाव्यात. बार्जवाल्यांना तूर्त या बाजूने धोका नाही.

तिसरी दुनिया युरोपातल्या ऱ्हाईन नदीची. ‘स्टेज फाइव्ह’ हा युरोपीय संघाच्या २०१६ च्या नियमातला इंजिनांचा निकष आहे. रस्त्यावर न चालणाऱ्या यंत्रांसाठी तो केला आणि नदीतल्या जहाजांची इंजिनंही त्यातच आली. ३०० किलोवॅटच्या आतल्या इंजिनांना २०१९ पासून, त्यापुढच्यांना २०२० पासून. मोठ्या इंजिनांना नायट्रोजन ऑक्साइड्स युनिटमागे (किलोवॅट-तासामागे) १.८ ग्रॅम, धुळीचे कण ०.०१५ ग्रॅम आणि कणांच्या संख्येवरही मर्यादा. फार कडक निकष आहे. पण कार्बन डायऑक्साइडवर मर्यादा त्यात कुठेच नाही! धूर आणि काजळी वेगळी, कार्बन वेगळा. स्टेज फाइव्हचं इंजिन बसवून बंदराची हवा सुधारेल, डिझेलचं बिल जवळपास तिथेच राहील. ते इंजिन भारतात तुमच्यावर बंधनकारक नाही.

युरोपातही नदीवाहतुकीच्या कार्बनला थेट कायदेशीर मर्यादा अजून सैलच आहे, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. ऱ्हाईनवरच्या देशांनी २०१८ च्या मानहाइम जाहीरनाम्यात म्हटलं की २०१५ च्या तुलनेत २०३५ पर्यंत हरितगृह वायू ३५ टक्के कमी करू आणि २०५० पर्यंत जवळपास संपवू. पण तो जाहीरनामा आहे, दंड नाही. उलट, ऱ्हाईनवर जहाजांना मिळणाऱ्या डिझेलला कर नसतो, हे १९५२ च्या कराराने ठरवून दिलंय आणि ते अजून चालू आहे. समुद्री जहाजांसाठी केलेली कार्बन बाजाराची आणि इंधनाची युरोपीय बंधनं नदीतल्या बार्जना लागत नाहीत. मग तिथे बदल कशाने होतोय? नेदरलँड्सने २०२१ मध्ये नदीतल्या जहाजांसाठी उत्सर्जनाचं लेबल आणलं, बँका आणि माल देणारे ते बघतात. त्याच वर्षी आल्फेनार नावाचं कंटेनर जहाज बदलत्या बॅटऱ्यांवर चालायला लागलं: २० फुटी कंटेनरमध्ये बॅटरी, संपली की धक्क्यावर क्रेनने उचलायची आणि भरलेली ठेवायची. त्याला ठरलेला माल होता बिअर, ठरलेला मार्ग होता आणि गिऱ्हाईक लांबच्या मुदतीचं होतं. आधी करार, मग बॅटरी, हा तिथला क्रम आहे.

आता त्या एक्सेल फॉर्मकडे येतो. माझ्या मते तुमच्या टेबलावरचा सगळ्यात खरा कागद तोच आहे. सेबीने बाजारमूल्याने पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून शाश्वततेचा अहवाल, म्हणजे बीआरएसआर, सक्तीचा केलाय. त्यात पुरवठा साखळीची माहिती हळूहळू आत येतेय, म्हणून कंपनीचं लॉजिस्टिक्स खातं तुम्हाला विचारतंय. सरकारने न विचारलेला प्रश्न गिऱ्हाइकाने विचारलाय, आणि त्याचं उत्तर देता आलं नाही तर नुकसान तुमचं आहे.

मोजायची पद्धत आयएसओ १४०८३ या २०२३ च्या मानकात दिलीय. घाबरू नका, गाभा सोपा आहे: जाळलेलं डिझेल गुणिले गुणक, भागिले टन-किलोमीटर. धरा, जेटीपासून मुरगाव ४० किलोमीटर. भरलेला जाताना २७० लिटर, रिकामा परतताना १७०. एकूण ४४०. लिटरमागे २.६८ किलो धरले तर सुमारे १,१८० किलो कार्बन डायऑक्साइड. माल २,००० टन, अंतर ४०, म्हणजे ८०,००० टन-किलोमीटर. उत्तर पंधरा ग्रॅमच्या जरा खाली. परतीचं डिझेल धरलं नाही तर तेच उत्तर नऊ ग्रॅम येतं, आणि बरेच जण नऊच लिहून पाठवतात. मानकाप्रमाणे रिकामी फेरी धरावीच लागते. शिवाय डिझेल विहिरीपासून पंपापर्यंत येईतो झालेलं उत्सर्जन मिळवायला सांगितलं असेल तर आणखी २० टक्क्यांच्या आसपास भर पडते. फॉर्ममध्ये दोन्हीपैकी काय हवंय ते विचारून घ्या आणि आकड्याशेजारी लिहा. तसं लिहिलेला पंधरा हा न लिहिलेल्या नऊपेक्षा जास्त टिकतो, कारण तपासनीस आला की पहिला प्रश्न परतीच्या फेरीचाच असतो.

डिझेल मोजायला महागडा फ्लो-मीटर लगेच नको. डिपस्टिक (टाकीत बुडवून पातळी बघायची पट्टी) पुरते, पण शिस्तीने. रिकामा बार्ज शेपटीवर बसलेला असतो, भरलेला जवळपास सरळ. टाकीची डिप एकदा रिकाम्यात आणि एकदा भरलेल्यात घेतलीत तर त्याच डिझेलचे दोन आकडे मिळतात आणि कुणीतरी चोरी केली असा संशय ड्रायव्हरवर येतो. डिप नेहमी एकाच स्थितीत घ्या, शक्यतो फेरी संपल्यावर रिकाम्यात. जनरेटरचं डिझेल वेगळं लिहा. जेटीवर नंबर लागेपर्यंत रात्रभर जनरेटर चालतो, त्याचं तेल फेरीच्या खर्चात मिसळलं की इंजिन नाहक बदनाम होतं. आणि नोंद पूर्ण वर्षाची हवी. पावसाळ्यात आग्वादचा बार (मांडवीच्या मुखाजवळचा वाळूचा उथळ पट्टा) बंद झाला की मांडवीतले बार्ज कुंभारजुवे कालव्यातून झुआरीत उतरतात. अंतर वेगळं, प्रवाह वेगळा, ताशी डिझेलही वेगळं. जानेवारीच्या चार फेऱ्यांवरून वर्षाचा आकडा काढणं म्हणजे फसवणूक, भले ती स्वतःचीच असो.

आता या आकड्यात खाली आणण्यासारखं काय आहे ते बघू. पहिलं, पाण्याची खोली. उथळ पाण्यात वेगाला एक नैसर्गिक भिंत असते. पाणी ४ मीटर असेल तर ती साधारण १२ नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) येते, पण त्रास त्याच्या बराच आधी सुरू होतो. ६० टक्क्यांच्या पुढे, म्हणजे ७ नॉट ओलांडले की, पाण्याचा विरोध झपाट्याने वाढतो. हे डोळ्यांना दिसतं. मागच्या टोकाला उभे राहा. बार्ज शेपटीकडून खाली बसतो, प्रोपेलरच्या मागचं पाणी गढूळ होऊन उसळतं, एक्झॉस्ट काळा पडतो आणि मागची लाट काठावरच्या खाजणीच्या मुळांवर जाऊन फुटते. त्या क्षणी इंजिनाला दिलेलं जादाचं डिझेल बार्जला जवळपास काहीच पुढे नेत नाही, फक्त लाट बनवतं. आठ नॉटवरून सातवर आलात तर ४० किलोमीटरला साधारण २३ मिनिटं जास्त लागतात आणि त्या टप्प्याचं डिझेल साध्या हिशेबानेही वीसेक टक्क्यांनी उतरतं. उथळात त्याहून जास्त. जुना सारंग (बार्ज चालवणारा) हे गणित न मांडता जाणतो: भरतीच्या शेवटी निघायचं, ओहोटीबरोबर उतरायचं, खोली आणि प्रवाह दोन्ही पदरात.

मग सगळे तसं का करत नाहीत? कारण पैसे फेरीवर मिळतात. पुढच्याच्या आधी पोचलो तर नंबर आधी लागतो, म्हणून सगळे रेटत जातात आणि मग मुरगावला नांगर टाकून तासन् तास थांबतात. हा प्रश्न इंजिनाचा नाही, कराराचा आहे. कंपनीला तुमचा कार्बनचा आकडा कमी हवा असेल तर उतरवण्याची वेळ आधी कळवा आणि नंबर त्या वेळेवर द्या, पोचण्याच्या क्रमावर नको, अशी मागणी तुम्ही उलट त्यांच्याकडे करू शकता. कराराला जोडपत्र लावून हे होतं. मी असं जोडपत्र लिहायला मदत केलीय आणि बार्जमालकापेक्षा कंपनीच्या खात्यालाच ते जास्त आवडलं होतं, कारण अहवालात दाखवायला त्यांना काहीतरी मिळालं.

दुसरं, गाळ. मार्गात एखादी उथळ जागा तयार झाली की बार्ज १,४०० टनच भरावा लागतो. डिझेल थोडंच कमी होतं, समजा ४०० लिटर, पण टन-किलोमीटर ५६,००० वर येतात. पंधराचे एकोणीस ग्रॅम झाले, आणि यात तुमचा काही दोष नाही. ऱ्हाईनवरही हेच होतं: ऑक्टोबर २०१८ मध्ये काउब गावच्या पाणीपातळीच्या मापावर पाणी २५ सेंटीमीटरवर आलं, तेव्हा मोठी जहाजं जेमतेम अर्धी-पाव भरून धावली आणि टनामागचं डिझेल वाढलं. आपल्याकडे मांडवी हा राष्ट्रीय जलमार्ग ६८, झुआरी १११, कुंभारजुवे २७. २०१६ च्या कायद्याने जाहीर झालेल्या १११ जलमार्गांत तिन्ही येतात. बार्जमालकांच्या संघटनेने गाळ काढण्याची मागणी नुसतं ‘धंद्याचं नुकसान होतंय’ म्हणून न करता या ग्रॅमच्या आकड्यासकट करावी, असं माझं मत आहे. मंत्रालयाला आज तो आकडा हवाय.

लाँचचं बोलू. बॅटरी म्हणजे शून्य कार्बन, असं कोटेशनमध्ये लिहिलं असेल. नदीपुरतं ते खरं आहे. पण हिशेब पूर्ण मांडा. चांगल्या स्थितीतलं डिझेल इंजिन शाफ्टवर एक युनिट द्यायला २१० ग्रॅमच्या आसपास डिझेल जाळतं. आयएमओचा गुणक डिझेलच्या टनामागे ३.२०६ टन, म्हणजे युनिटमागे साधारण ६७० ग्रॅम. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकड्यांनुसार देशाच्या ग्रिडमधल्या युनिटमागे ७०० ग्रॅमच्या वर. चार्जर, बॅटरी आणि मोटर यांत दहा-पंधरा टक्के जातात, म्हणजे शाफ्टवर पोचेपर्यंत ८०० च्या पुढे. तुमच्या लाँचचं जुनं, अर्ध्या भारावर चालणारं इंजिन २७० ग्रॅम जाळत असेल तर ते साडेआठशेवर आहे. बरोबरीचा सामना! तीच लाँच, तोच वेग आणि फक्त इंजिनाच्या जागी बॅटरी, असं केलंत तर आजच्या ग्रिडवर कार्बनमध्ये नाव घेण्यासारखा फरक पडत नाही. आवाज, धूर आणि पाण्यावरचा तेलाचा तवंग जातो, तो फायदा खरा आहे आणि पर्यटक त्याचे पैसे देतात. पण तो कार्बनच्या नावाने विकू नये.

केरळात मग जमलं कसं? वैकमजवळ वेंबनाड तलावात जानेवारी २०१७ पासून ‘आदित्य’ ही सौर फेरी चालते. ७५ प्रवासी आणि दोन मोटरी, प्रत्येकी २० किलोवॅटची. एवढ्या माणसांना एवढीशी शक्ती पुरते, कारण बोट हलकी आहे, दोन बारीक सांगाड्यांची (सांगाडा म्हणजे बोटीचा पाण्यात बसणारा भाग) आहे, वेग बेताचा आहे आणि छतावरच्या पॅनलमधून बरीचशी वीज येते. कार्बन वाचवला तो आधी सांगाड्याने, मग सूर्याने. बॅटरी मध्ये फक्त साठवायला. कोची वॉटर मेट्रो एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाली. कोचीन शिपयार्डने बांधलेल्या या बोटी ॲल्युमिनियमच्या, दोन सांगाड्यांच्या, लाट कमी उठवणाऱ्या आहेत, आणि बॅटरीबरोबर डिझेल जनरेटरही आहे. तिथे एलटीओ (लिथियम टायटनेट) प्रकारची बॅटरी घेतली. ती जड आणि महाग पडते, पण झटपट चार्ज होते, हजारो वेळा चार्ज करता येते आणि पेट घेण्याचा धोका कमी.

तुमची लाँच जुनी, लाकडी-फायबरची, एका सांगाड्याची आहे. तिच्यात बॅटरी बसवायची म्हटलं की वजन आणि त्याची जागा बदलते, म्हणजे स्थिरतेचा हिशेब नव्याने, झुकाव चाचणी नव्याने, आराखड्याला मंजुरी नव्याने. बॅटरीच्या खोलीला वेगळी हवा, वेगळं अग्निशमन. आयआरएसची (इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग या जहाज-वर्गीकरण संस्थेची) बॅटरीवरच्या जहाजांसाठी मार्गदर्शक तत्त्वं आहेत, सर्व्हेअर तीच काढून बसेल. जेटीवर थ्री-फेज जोड, मंजूर भार आणि दर महिन्याचा डिमांड चार्ज कोण भरणार? भरती-ओहोटीत लाँच वर-खाली होते, तेव्हा चार्जिंगची केबल तरंगत्या पाँटूनवर हवी, नाहीतर ओहोटीला ती ताणली जाते. कोटेशनमध्ये यातलं काय आहे ते बघा. नुसती बॅटरी, मोटर आणि ‘इन्स्टॉलेशन’ एवढंच असेल तर खरा खर्च अजून लिहिलेलाच नाही. माझा सल्ला: या लाँचला हात लावू नका. तिचं आयुष्य संपत आलं की नवी बोट सुरुवातीपासून विजेसाठी आखून घ्या.

बायोडिझेलबद्दल कुणी विचारलंच तर: बार्जवर चालेल, लाँचवर जपून. लाँच पावसाळ्यात वर ओढून ठेवता, टाकीत दमट हवेचं पाणी साचतं, मिश्रणातलं बायोडिझेल ते धरून ठेवतं आणि त्यात बुरशी वाढते. सीझनच्या पहिल्या दिवशी फिल्टर चोंदून भर नदीत इंजिन बंद पडतं. ओढायच्या आधी टाकी साध्या डिझेलने भरून ठेवा.

सल्लागाराला एका ओळीचं पत्र पाठवा: कोणत्या कायद्याचं कोणतं कलम या बार्जला आणि या लाँचला लागू होतं, ते लेखी कळवा. कंपनीला फॉर्म भरून पाठवा, रिकाम्या फेरीसकट, आणि सोबत उतरवण्याच्या वेळेचं जोडपत्र जोडा. डिझेलची वही मात्र कुणाच्या उत्तराची वाट न पाहता पुढच्या फेरीपासूनच सुरू करा. पहिलं पान भरताना अडलात तर टाकीचा आराखडा पाठवा, डिपचं कोष्टक काढून देतो.